इंडीतली निवडणूक ड्युटी

मतदान केंद्रावर काम करायला मी आपण होऊन नाव दिलंय, हे ऐकून बाबा फोनवर आधी हसलेच. साताऱ्याला प्राथमिक शिक्षक म्हणून त्यांची हयात गेली आणि दर निवडणुकीला ड्युटी कशी चुकवायची, याची खलबतं शाळेत महिनाभर आधीपासून चालायची. ते केंद्राध्यक्ष होऊन जायचे, तेव्हा दोन रात्री घरी नसायचे. त्यामुळे "अर्ज कशाला केलास?" यानंतरचे त्यांचे सगळे प्रश्न कामाचेच होते. यादी किती मतदारांची? शाई कोण लावणार? बंदोबस्त काय?

शाई नाही, ओळखपत्र नाही, हवालदारही नाही, असं सांगितल्यावर ते गप्प झाले. आणि मत पेन्सिलीने देतात म्हटल्यावर म्हणाले, "पेन्सिलीने? मग खोडरबरही ठेवतात का?"

तारीख 18 मे 2019, शनिवार. महाराष्ट्रातलं लोकसभेचं मतदान उरकलं होतं, निकाल 23 मेला लागायचा होता. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात ईशान्येला इंडी नावाचा मतदारसंघ आहे. वोडोंगा, वँगरॅटा, बेनाला ही त्यातली मोठी गावं, बाकी डोंगर, द्राक्षाचे मळे आणि गाई. क्षेत्रफळ अख्ख्या अहमदनगर जिल्ह्यापेक्षा कितीतरी मोठं. मी वोडोंगात हिशेबनीस आहे. नागरिकत्व मिळाल्यावर पहिल्यांदाच या कामाला अर्ज केला आणि एका छोट्या गावातल्या सभागृहात नेमणूक झाली.

पण त्या दिवशी काय पाहिलं ते सांगायचं, तर आधी कॅथी मॅकगोवन यांच्याबद्दल सांगायला हवं. त्या दिवशी मतपत्रिकेवर त्यांचं नाव नव्हतं, तरी दिवस त्यांचाच होता.

मॅकगोवन मूळच्या इथल्याच, तेरा भावंडांतल्या एक. इंडिगो व्हॅलीत त्यांचं शेत आहे. शेती सल्लागार म्हणून काम केलं, शेतकरी बायकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्ष झाल्या, 2004 मध्ये 'ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया'चा सन्मान मिळाला. तरुणपणी त्यांनी इंडीच्याच एका लिबरल (नाव काहीही असो, इथला उजवीकडचा पक्ष) खासदाराच्या कार्यालयात काम केलं होतं, म्हणजे राजकारण त्यांना अगदीच नवं नव्हतं. तरी खासदारकीला उभं राहायची कल्पना त्यांची नव्हे. शिक्षण-नोकरीसाठी मेलबर्नला गेलेल्या इंडीच्या पोरांनी, आणि त्यात त्यांचे भाचे-भाच्या होत्या, टुमणं लावलं की आपल्या भागाकडे कुणी ढुंकून पाहत नाही, काहीतरी करा. आपल्याकडे काका पुतण्याला राजकारणात आणतो. इथे भाच्याने आत्याला आणलं!

त्यातून 2012 मध्ये 'व्हॉइसेस फॉर इंडी' हा गट उभा राहिला आणि त्यांनी घराघरांत बैठका सुरू केल्या. स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती आठ-दहा जण बसायचे. चांगला खासदार कसा असावा, इथे राहायला का आवडतं, काय सलतं, एवढंच विचारायचे. वाद घालायचा नाही, एकाने लिहून घ्यायचं. शेजारणीने मलाही बोलावलं होतं. मला मत नव्हतं तेव्हा, तरीही. मी म्हटलं, मोबाइलला रेंज नाही आणि मेलबर्नची रेल्वे वेळेवर येत नाही. तिघांनी माना डोलावल्या आणि ते कागदावर उतरलं. उमेदवार कोण, हे तोवर ठरलेलंही नव्हतं.

2013 ची ती निवडणूक इथल्या लोकांना अजून तोंडपाठ आहे. समोर लिबरल पक्षाच्या सोफी मिराबेला, 2001 पासूनच्या खासदार, पक्ष सत्तेवर येणार हे दिसत होतं आणि त्यांचं मंत्रिपद नक्की मानलं जात होतं. मोजणी दिवसेंदिवस चालली. मध्येच लक्षात आलं की मॅकगोवन यांची हजारभर मतं बेरजेत धरायचीच राहिली होती. शेवटी त्या 439 मतांनी निवडून आल्या. देशभर लिबरल-नॅशनल्स युतीची लाट आणि इंडीत तिचाच गड पडला. 2016 मध्ये पुन्हा त्याच दोघी समोरासमोर आल्या, तेव्हा फरक चांगलाच वाढला होता.

खासदार म्हणून त्यांचं फार कौतुक करायचं, तर हेही सांगायला हवं की अपक्षाच्या हाती तिजोरी नसते. मंत्र्यांच्या मागे लागून लागून कामं काढून घ्यायची. मोबाइल मनोरे आणि रेल्वेमार्ग यांवर त्यांनी तेच केलं. कॅनबेराच्या कार्यालयात मतदारसंघातली साधी माणसं आळीपाळीने स्वयंसेवक म्हणून नेली. 2018 मध्ये भ्रष्टाचारविरोधी आयोगासाठी खासगी विधेयक मांडलं. आणि 2019 च्या जानेवारीत जाहीर केलं की आता पुरे. उमेदवार म्हणून 'व्हॉइसेस'ने हेलन हेन्स यांना पुढे केलं. या बाई परिचारिका आणि सुईण, पुढे संशोधक झालेल्या. मॅकगोवन यांच्या नात्यागोत्यातल्या नव्हेत.

तेव्हा 18 मेला प्रश्न एवढाच होता की मतं मॅकगोवन यांची होती की गटाची. अपक्ष गेला की जागा पक्षाकडे परत जाते, असंच सगळे धरून चालले होते. सकाळी सातला आम्ही जमलो तेव्हा अर्थात यावर कुणी चकार शब्द काढला नाही. तटस्थतेच्या फॉर्मवर सह्या केलेल्या. एक जण केशरी कानटोपी घालून आला, कारण थंडी मरणाची होती, तर केंद्राध्यक्ष बाईंनी त्याला ती गाडीत ठेवायला पाठवलं. इंडीत केशरी म्हणजे मॅकगोवन आणि आता हेन्स. मी साताऱ्याची, मला केशरीचं राजकारण समजावून सांगायची गरज नव्हती.

आठला दार उघडलं. पूर्ण नाव, पत्ता, आणि "या निवडणुकीत आधी मत दिलंय का?" हे तीन प्रश्न दिवसभर विचारून माझा घसा बसला. मत देणं सक्तीचं आहे, न दिल्यास 20 डॉलर दंड, त्यामुळे चिखलाच्या बुटांतले शेतकरी, बाळंतीण, काठी टेकणारे आजोबा, सगळे येतात. बाहेर शाळेच्या पालकांनी सॉसेज भाजायला घेतले होते, कांद्याचा वास आत येत होता आणि मी डब्यातल्या थालीपिठावर वेळ मारून नेत होते.

संध्याकाळी सहाला दार बंद झालं आणि खरी ड्युटी सुरू झाली. प्रतिनिधीगृहाची मतपत्रिका हिरवी, सिनेटची पांढरी आणि टेबलाला पुरून उरणारी. हिरव्या आधी. इथे मतदार सगळ्या उमेदवारांना पसंतीक्रमाने आकडे देतो. पहिल्या पसंतीप्रमाणे ढीग लावले, पन्नास-पन्नासचे गठ्ठे रबराने बांधले. उमेदवारांचे प्रतिनिधी आमच्या खांद्यावरून बघत होते. कागदाला हात लावायची त्यांना मुभा नाही. एका मतपत्रिकेवरचा आकडा एक की सात, यावर दोघांची जुंपली. बाईंनी चष्मा वर केला, त्याच मतदाराने दुसऱ्या चौकटीत सात कसा काढलाय ते दाखवलं आणि विषय मिटवला.

बेरीज जुळेना. दिलेल्या हिरव्या मतपत्रिकांपेक्षा पेटीतल्या एकने कमी. मला वाटलं, एकच तर आहे. बाईंनी सगळे गठ्ठे सोडायला लावले. पुन्हा मोजले, पुन्हा एक कमी. मग सिनेटची पेटी उघडून पांढऱ्या घड्या एकेक उलगडायला लावल्या. सापडली. पांढऱ्या कागदाच्या घडीत हिरवी चिकटून बसली होती. लिबरलच्या प्रतिनिधीने टाळी वाजवली. मत त्याच्या उमेदवाराचं नव्हतं, तरी.

पहिल्या पसंतीत आमच्या केंद्रावर लिबरल उमेदवार पुढे होता. पुढची पायरी म्हणजे बाकी उमेदवारांचे कागद घ्यायचे आणि शेवटच्या दोघांपैकी कुणाला आधीचा आकडा दिलाय ते बघून त्याच्या ढिगात टाकायचे. लेबर या दुसऱ्या मोठ्या पक्षाचे कागद हेन्स यांच्याकडे जाणार हे ठाऊक होतं. मी नॅशनल्सचा गठ्ठा घेतला. हा पक्ष लिबरलचा देशपातळीवरचा भागीदार, वाटलेल्या पत्रकात दुसरी पसंती लिबरलला द्या असं छापलेलं. पहिला कागद लिबरल, दुसरा लिबरल, तिसरा हेन्स. मग परत हेन्स. शिक्का मारल्यासारखं ठसठशीत पेन्सिलीने काढलेलं 2. पत्रक घेतलं होतं त्यांनी, पण पाळलं नव्हतं. माझ्यासमोरच्या प्रतिनिधीने वहीत लिहिणं थांबवलं आणि नुसता बघत राहिला. ढीग संपला तेव्हा आमच्या केंद्रावर हेन्स पुढे गेल्या होत्या. बाईंनी आकडा माझ्याकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतला, मगच फोन लावला. 2013 च्या त्या हजार मतांचं नाव कुणी काढलं नाही.

घरी पोचेपर्यंत अकरा वाजून गेले होते. मतदारसंघभर तेच झालं होतं. पहिल्या पसंतीत हेन्स मागे, पसंतीवाटपानंतर सुमारे 51.4 टक्के. ऑस्ट्रेलियाच्या संघीय संसदेत एका अपक्षाच्या जागी लगेच दुसरा अपक्ष निवडून येण्याची ती पहिलीच वेळ. त्याच रात्री सिडनीत माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनाही एका अपक्ष बाईंनी हरवलं. राष्ट्रीय पातळीवर मात्र सरकार तेच राहिलं, सगळ्या चाचण्या तोंडावर आपटल्या.

2022 मध्ये मी पुन्हा अर्ज भरला. तोवर इंडीची पद्धत उचलून सिडनी, मेलबर्न आणि पर्थमधल्या लिबरल बालेकिल्ल्यांत सहा नव्या अपक्ष बायका निवडून येणार होत्या, आणि हेन्स यांची जागा तर कुणी धोक्यात धरतच नव्हतं. मोजणी लवकर आटोपली. या वेळी हिरव्या मतपत्रिका पहिल्याच मोजणीत जुळल्या.