शुक्रवारचा दिवा

आज टेंभी नाक्यावरून येताना डॉक्टरकाकांच्या दवाखान्याचं शटर उघडं दिसलं, आत त्यांचा मुलगा खोक्यात सामान भरत होता. चौकटीवरून मेझुझा, म्हणजे दाराला लावलेली पवित्र वचनांची छोटी डबी, काढल्याची बोटभर पांढरी खूण, येता-जाता काका तिथे हात टेकवून बोटं ओठांना लावायचे.

बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू घर. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत घरी म्हणजे घरी, शब्बाथला, त्या संध्याकाळी सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाला, सगळे एकत्र हवेत.

मला न्यूमोनिया झाला तेव्हा मात्र दिवे लागल्यावर चालत आले, रात्रभर बसले. बरा झाल्यावर त्यांच्याकडे एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने आभाराचा मलिदा झाला, गोड पोहे, ओलं खोबरं, माझ्यासाठी!

मुलगा आज म्हणाला, "त्या रात्री आम्ही जेवायचे थांबलो होतो."

१८७९ चं सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ, इथे जवळच आहे, तिथपर्यंत गेलो आणि नुसता उभा राहिलो. किती वाजेपर्यंत थांबली असतील ती पोरं?