लिस्बनच्या ओट्यावर हुमणाचे वाटण

पोर्तुगालला निघालेल्या मुलाचे सामान बांधताना गोव्यातल्या घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो: मिक्सर इथून न्यायचा की तिकडे घ्यायचा? आमचे उत्तर सरळ आहे. इथूनच न्यायचा, आणि तो नेताना चटणीचे छोटे भांडे विसरायचे नाही. बाकी जवळजवळ सगळे लिस्बनमध्ये मिळते आणि बऱ्याचदा इथल्यापेक्षा चांगले मिळते. पण ओला नारळ गंधासारखा वाटून देणारे यंत्र तिथल्या दुकानात सहज सापडत नाही, कारण तिथल्या स्वयंपाकाला त्याची गरजच पडलेली नाही.

तिथल्या घरात दोन यंत्रे हटकून दिसतात. एक हातात धरायचा ब्लेंडर. त्याला तिथे ‘वारिन्या माजिका’ म्हणतात, म्हणजे जादूची कांडी. सूप रोजच्या जेवणातले, त्यामुळे शिजलेल्या भाज्या टोपातच घोटायला ही कांडी उत्तम. आपल्याला ती सोलकढीच्या रसाला उपयोगी पडते. उंच, अरुंद भांड्यात एक वाटी चव (खोवलेला ओला नारळ) आणि दोन वाट्या कोमट पाणी घेऊन कांडी दीड मिनिट फिरवावी आणि फडक्यातून पिळून घ्यावे. वाटण मात्र तिला जमत नाही. तिच्या पात्याभोवती घुमट असतो आणि घट्ट मिश्रण त्या घुमटात अडकून बसते. पाते नुसतेच फिरते, मोटर तापते आणि नारळ रवाळच राहतो.

दुसरे यंत्र बिंबी. जगभर थर्मोमिक्स म्हणून विकले जाणारे हे यंत्र पोर्तुगालमध्ये बिंबी या नावाने ओळखले जाते. किंमत हजार युरोंच्या वर. ते वजन करते, शिजवते, कणीक मळते. पण त्याचे भांडे 2.2 लिटरचे. तीन-चार माणसांच्या हुमणाचे, म्हणजे नारळाच्या रसातल्या माशांच्या आमटीचे, वाटण जेमतेम 250 ग्रॅम. एवढेसे मिश्रण पहिल्या काही सेकंदांत भिंतींना चिकटते आणि पाते मोकळे फिरू लागते. दर वेळी थांबून खरवडत बसावे लागते, तरी मिरचीच्या साली राहतातच. खतखत्यासाठी (नारळ घातलेल्या मिश्र भाजीसाठी) किंवा पंधरा माणसांच्या जेवणासाठी एकदम दोन-तीन नारळ वाटायचे असतील तर ते चालते. रोजच्या जेवणासाठी आपले 400 मिलीचे चटणीचे भांडेच खरे. खोली कमी, पात्यावर सतत माल, आणि 750 वॅटची मोटर.

विजेचे दाब तिथेही 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, म्हणजे आपल्यासारखेच. ट्रान्सफॉर्मर लागत नाही. (अमेरिकेला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे 120 व्होल्ट असल्यामुळे इथला मिक्सर तसाच लावता येत नाही.) अडचण प्लगची आहे. आपली तीन जाड खिळ्यांची पिन तिथल्या दोन गोल भोकांच्या सॉकेटमध्ये जात नाही. विमानतळावर मिळणाऱ्या स्वस्त अडॅप्टरमध्ये अर्थिंग पुढे जोडलेले नसते, आणि ओल्या हातांनी वापरायच्या यंत्राला ते नसणे धोक्याचे. तिथल्या सॉकेटमध्ये अर्थिंग बाजूच्या दोन पट्ट्यांवर असते. त्याला बसणारा प्लग हार्डवेअरच्या दुकानात थोडक्यात मिळतो. जाणत्याकडून वायरीचा प्लगच बदलून घ्यावा. हिरवी-पिवळी वायर अर्थिंगला जोडली आहे की नाही, ते उघडून एकदा पाहावेच.

विजेची आणखी एक गोष्ट इथून जाणाऱ्याला कुणी सांगत नाही. तिथे घराच्या वीजजोडणीत एका वेळी किती वीज ओढायची, ते आधी ठरवून घेतलेले असते. छोट्या भाड्याच्या घरात हा आकडा बरेचदा 3.45 केव्हीए, म्हणजे साधारण 3450 वॅट, असतो. 2000 वॅटचा इंडक्शन आणि 2200 वॅटची किटली एकदम चालू केली की अख्ख्या घराची वीज जाते. मिक्सर एकटा 750 वॅटचा आहे, त्याचा दोष नाही. भात शिजत असताना वाटण करता येते, पण त्यात ओव्हनची भर घालू नये. घर घेतानाच बिलावरचा आकडा पाहून ठेवावा.

आता नारळ. तिथे बाजारात शेंडी उतरवलेले, तपकिरी, लहान नारळ मिळतात. घेताना कानाशी हलवून पाहावा. पाणी वाजले पाहिजे आणि तिन्ही डोळे कोरडे पाहिजेत. डोळ्यापाशी ओल किंवा बुरशी असेल तर तो आतून कुजलेला समजावा. फोडायला कोयता लागत नाही. नारळ हातात धरून जड सुरीच्या पाठीने मध्यरेषेवर फिरवत फिरवत ठोके द्यावेत. सात-आठ ठोक्यांत तो दुभंगतो.

खोवायला आदोळी (विळी) न्यायची असेल तर घडीची छोटी न्यावी, आणि तीही चेक-इन सामानात. पाते असलेली वस्तू हातातल्या बॅगेत चालत नाही. हँडल फिरवायची खोवणी आम्हाला जास्त पसंत आहे, पण तिचा रबरी तळ लाकडी ओट्याला धरत नाही. गुळगुळीत दगड किंवा काच लागते आणि रबराची कड बोटाने ओली करून घ्यावी लागते. दोन्ही नसेल तर मार्तिम मोनिझ भागातल्या आशियाई दुकानांत खोवलेल्या नारळाची गोठवलेली पाकिटे मिळतात. ती चांगली असतात. सुपरमार्केटातला ‘कोकु रालादु’ म्हणजे केकवर घालायचा सुका कीस. अगदीच इलाज नसेल तर 100 ग्रॅम किसाला 150 मिली कढत पाणी घालून वीस मिनिटे झाकून ठेवावा. हुमण होईल, पण रसाला अंग येणार नाही. इथून न्यायचे म्हणाल तर युरोपीय संघात प्रवाशाला रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय जी मोजकी पाच फळे आणता येतात त्यांत नारळ आहे. हळदीची पाने आणि कढीपत्ता त्यात बसत नाहीत. सुके खोबरे मात्र बॅगेत भरू नये. ते आपोआप तापून पेट घेऊ शकते म्हणून विमानात धोकादायक माल समजतात.

वाटणाकडे वळू. अर्धा किलो माशाला 150 ग्रॅम चव, आठ ब्याडगी आणि दोन तिखट मिरच्या, एक मोठा चमचा धणे, अर्धा लहान चमचा हळद, सुपारीएवढी चिंच. मिरच्या वीस मिनिटे कोमट पाण्यात भिजवाव्यात. कोरड्या मिरचीची साल मिक्सरमध्ये फाटते, वाटली जात नाही, आणि रसात लाल कागदाच्या कपच्यांसारखी तरंगते. रगड्यावर आजी सगळे एकत्र घालून वाटायची, कारण दगड चिरडतो. मिक्सर चिरडत नाही, कापतो. म्हणून क्रम पाळावा लागतो. आधी मिरच्या, धणे, हळद आणि चिंच दोन चमचे पाण्यात अगदी बारीक करून घ्यायची. मग चव घालायचा आणि पाणी तीन वेळा मिळून 100 मिलीपर्यंत.

चुका इथेच होतात. पाणी सुरुवातीला एकदम ओतले की चव वर तरंगतो, पात्याला लागत नाही आणि कितीही फिरवा, कणी राहते. गोठवलेला नारळ तसाच थंड टाकला तर त्यातले तेल घट्ट असते. वाटण बारीक दिसते, पण शिजल्यावर रवाळ लागते. पाकीट आधी पूर्ण सुटू द्यावे आणि पाणी कोमट घ्यावे. उलट बाजूची चूक म्हणजे मिक्सर एकसारखा तीन-चार मिनिटे चालवणे. भांडे हाताला गरम लागू लागले की नारळाचे तेल सुटते, वाटणाला चकाकी येते आणि असे हुमण उकळताच फाटते. चाळीस सेकंद फिरवावे, झाकण उघडून कडा खाली ओढाव्यात, अर्धा मिनिट थांबावे. असे चार-पाच वेळा. शेवटी चिमूटभर वाटण अंगठा आणि बोट यांच्यात घासून पाहावे. दाणा लागला तर आणखी एक फेरी. भांडे धुतलेले पाणी फेकू नये, रस त्याच पाण्याने पातळ करायचा असतो.

मिक्सर मध्येच बंद पडला तर घाबरू नये. तळाला लाल बटण असते. भार जास्त झाला की ते बाहेर येते. थोडा माल काढावा, पाच मिनिटे थंड होऊ द्यावे आणि बटण आत दाबावे. खरा त्रास होतो तो भांड्याखालच्या दातेरी रबराचा, म्हणजे कपलरचा. तो झिजला की मोटर ओरडते आणि पाते फिरत नाही. म्हापशाच्या बाजारात किरकोळ किमतीला मिळणारा हा तुकडा तिथे शोधून सापडत नाही. त्याच कंपनीचे दोन कपलर आणि प्रत्येक झाकणाचे दोन रबर बरोबर न्यावेत.

शेगडीवर येताच भांड्यांचा प्रश्न उभा राहतो. नव्या घरांत बहुधा काचेची सपाट शेगडी असते. ती इंडक्शनची असेल तर घरचे ॲल्युमिनियमचे टोप आणि डिचोलीचे मातीचे कुंडले, दोन्ही निरुपयोगी. तळाला लोहचुंबक चिकटले तरच ते भांडे तापेल. हुमणाला तसेही ॲल्युमिनियम नको, चिंच-सोलांनी रसाला धातूची चव येते. जाड बुडाचे स्टीलचे पसरट भांडे घ्यावे. इंडक्शन फार पटकन तापतो, हे ध्यानात ठेवून नऊ पायऱ्यांपैकी सहावर रस ठेवावा आणि पहिले बुडबुडे दिसताच चारवर आणावे. बिड्याचा तवा तर थंड असताना एकदम नऊवर ठेवूच नये. मध्यभाग आधी तापून तो वाकतो, कधी तडकतोही. तो काचेवरून ओढायचाही नाही, उचलून ठेवायचा. घरात गॅस असेल तर मातीच्या भांड्याची हौस भागते. तिथेही मातीची भांडी घडवण्याची जुनी परंपरा आहे. नवे भांडे एक दिवस पाण्यात बुडवून ठेवावे आणि मंद आचेवर चढवावे.

प्रेशर कुकर तिथे घेतला तर शिट्ट्या विसरायच्या. त्या कुकरांना बहुतेक वेळा स्प्रिंगची झडप असते, ती शिटी वाजवत नाही, सतत बारीक वाफ सोडते. वाफ आल्यावर आच कमी करून मिनिटे मोजायची. रात्रभर भिजवलेल्या चवळीला आठ ते दहा मिनिटे पुरतात. विजेवरच्या कुकरमध्ये दाब आपल्या शिट्टीच्या कुकरपेक्षा कमी असतो, म्हणून त्यात तीन-चार मिनिटे जास्त. उकडा तांदूळ मात्र उघड्या टोपात भरपूर पाण्यात शिजवावा. पेजेसाठी दुसरा मार्ग नाही.

लिस्बनच्या हिवाळ्यात घरे आतून थंड असतात, त्यामुळे सान्नांचे (इडलीसारख्या वाफवलेल्या तांदळाच्या वड्यांचे) पीठ रात्रभर ठेवूनही ढिम्म राहते. पीठ आंबवायची सूर, म्हणजे माडाची ताडी, तिथे मिळत नाही. अर्धा किलो भिजवलेल्या तांदळाला 150 ग्रॅम चव, एक चमचा साखर आणि 3 ग्रॅम कोरडे यीस्ट घ्यावे. तांदूळ तीन भागांत, गार पाण्याने वाटावेत आणि पीठ निवल्यावरच यीस्ट घालावे. मग पीठ बंद ओव्हनमध्ये, खालच्या कप्प्यात उकळत्या पाण्याचे भांडे ठेवून, दोन तास. पाच युरोंचा थर्मामीटर आत ठेवला तर अंदाज चुकत नाही. 28 ते 30 अंश पुरे. पीठ दीडपट झाले की लगेच वाट्यांत भरून पंधरा मिनिटे वाफवावे. आणखी फुगायची वाट पाहिली तर वाफेत फुगून खाली बसतात.

मासे चिरायला आदोळी लागतच नाही. बाजारातला विक्रेता ते करून देतो: ‘आमान्यार’ म्हणजे साफ करणे, ‘पॉश्ताश’ म्हणजे आडव्या तुकड्या. बांगड्याच्या जवळचा मासा कावाला. त्याचे मांस आपल्या बांगड्याहून मऊ, म्हणून रसाला उकळी आल्यावरच तुकड्या सोडाव्यात आणि सहा मिनिटांवर ठेवू नयेत. सहा-सात तिरफळे ठेचून, बिया काढून, माशाबरोबरच घालावीत. पळी फिरवायची नाही. टोप दोन्ही कानांनी धरून हलकेच गोल हलवायचा.