आमची वाटचाल : डेटाशीट नसलेल्या चिपांचे ड्रायव्हर

सुरुवात एका ग्राहकाच्या फोनने झाली. लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, अपडेट केला आणि नेटवर्क कार्ड गायब झालं. कार्ड ठणठणीत होतं, ते चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, मात्र कंपाइलच होत नव्हता. उत्पादकाचा कोड जुन्या कर्नलसाठी लिहिलेला, आणि कर्नल ४.१५ मध्ये टायमर लावायची जुनी पद्धत काढून टाकलेली. दुरुस्ती चार ओळींची. ती केली, पैसे मिळाले आणि धंदा सापडला असं वाटलं.

पुढची काही वर्षं आम्ही ठिगळंच लावत होतो. नवा कर्नल साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येतो, आणि त्याच्या आतले इंटरफेस तसेच राहतील अशी हमी कुणीच देत नाही. ५.१७ मध्ये मॅक ॲड्रेसच्या (कार्डाच्या हार्डवेअर पत्त्याच्या) जागी थेट लिहिणं बंद झालं, ६.१ मध्ये नॅपी (आलेली पॅकेट उचलण्याची कर्नलची यंत्रणा) नोंदवण्याच्या फंक्शनमधलं एक आर्ग्युमेंट गेलं. दर वेळी आमच्या कोडात आणखी एक इफडेफ, म्हणजे कर्नलच्या आवृत्तीनुसार कोड निवडणारी अट. शेवटी ठरवलं, ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्येच न्यायचा. तिथे जो कुणी इंटरफेस बदलतो, त्यालाच तो वापरणारे सगळे ड्रायव्हरही सुधारावे लागतात.

पण तिथले परीक्षक विचारतात, या रजिस्टरमध्ये (चिपमधल्या नियंत्रणाच्या कप्प्यात) हीच किंमत का? उत्पादकाकडे डेटाशीट, म्हणजे चिपची तांत्रिक माहिती, मागितली, तर आधी गोपनीयतेच्या करारावर सही मागितली गेली. आम्ही केली नाही. ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिपांचं उदाहरण समोर होतं : एका गटाने उत्पादकाचा ड्रायव्हर उलगडून चिपचं वागणं लिहून काढलं, दुसऱ्याने फक्त ते टिपण वाचून नवा कोड लिहिला. २००६ मध्ये तो कर्नल २.६.१७ मध्ये आला. आम्हीही कामाची तशीच वाटणी केली.

सगळ्यात जास्त छळलं ते एका कार्डाने. रात्रभर चालायचं आणि सकाळी ट्रॅफिक कमी झाली की मरायचं. लॉगमध्ये इंटरप्ट स्टेटस (चिपने प्रोसेसरला मारलेल्या हाकांची नोंद) वाचलं तर बत्तीसच्या बत्तीस बिट १. आमचा कोड समजायचा की सगळे इंटरप्ट एकदम आलेत, आणि ते निस्तरायला धावायचा. खरं तर चिप बोलतच नव्हती. वीज वाचवायला कार्ड संगणकाला जोडणारी पीसीआय एक्स्प्रेसची लिंक झोपायची आणि चिपच्या या रिव्हिजनवर (आवृत्तीवर) परत उठायची नाही. उत्तर न देणाऱ्या डिव्हाइसकडून सगळे १ येतात, हे आम्हाला ठाऊक होतं, तरी आठवायला तीन आठवडे लागले. त्या रिव्हिजनपुरती लिंकची खोल झोप बंद केली. त्याच डब्यातली, त्याच मॉडेल नंबरची दुसरी कार्डं बिनतक्रार चालत होती, कारण आतली चिप वेगळ्या रिव्हिजनची होती.

तेव्हापासून ड्रायव्हर आधी चिपची रिव्हिजन तपासतो, आणि ती तक्त्यात नसेल तर लोड होत नाही. यावर ग्राहक चिडतात, पण अंदाजाने रजिस्टर लिहिणं आम्हाला मान्य नाही.

आता उत्पन्न येतं ते उपकरणं बनवणाऱ्यांच्या वार्षिक करारांतून : कर्नल बदलण्याआधी त्यांची कार्डं आमच्या रॅकवर आठवडाभर चालतात. करारात दोन अटी आम्ही सोडत नाही. केलेली दुरुस्ती मुख्य कर्नलला पाठवलीच जाईल, आणि बदललेल्या प्रत्येक रिव्हिजनचं एक कार्ड आमच्याकडे राहील.