मोरपंखी बसला, पण रेषा फुटली

आधी बातमी: सुती कापडावर डिजिटल छापलेल्या माझ्या मोराचा गळा मोरपंखी झालाय. नुसता वाफेतून निघाल्यावर नाही, धुऊन वाळल्यावरसुद्धा.

मागच्या वेळी याच मोराचा गळा धुतल्यावर करडा पडला होता. आयसीसी प्रोफाइल (रंग कसे छापायचे ते ठरवणारी फाइल) बदललं, रिपमध्ये (चित्राचे शाईचे थेंब करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) सायनची, म्हणजे निळ्या शाईची, लिमिट वाढवली, तरी धुताना निळा मोरीत जायचा. मजेंटा आणि पिवळा मात्र ठणठणीत. त्यामुळे संशय फाइलवरून वाफेवर गेला, रंग सुतात पक्का होतो तो तिच्यातच. रिॲक्टिव्ह (सुताशी रासायनिक बंध जोडणाऱ्या) शाईतला सायन बहुधा टर्क्वॉइज घराण्यातला, कॉपर थॅलोसायनिनचा. रेणू धिप्पाड, सुतात शिरायला वेळ घेणार आणि वाफही ओली मागणार. जॉबवर्कवाले सगळ्यांचं कापड एकाच मापानं स्टीमरमधून काढतात, त्यात याचं काय भागणार!

म्हणून आता छपाईआधी कापडाला लावायचं कोटिंग माझं, छपाई त्यांची, वाफ माझी. कापड इचलकरंजीचं पॉपलिन, आरएफडी (‘रेडी फॉर डाइंग’, रंगवायला तयार). पण विकणाऱ्याच्या ‘आरएफडी’वर विसंबू नका. नोटा तपासायचा यूव्ही दिवा मारा. निळं चमकलं तर व्हाइटनर आहे, परत करा. कोटिंगच्या दर किलोमागे युरिया 100 ग्रॅम, खाण्याचा सोडा 30 ग्रॅम आणि सोडियम अल्जिनेटची (समुद्री शेवाळातून काढलेल्या घट्ट करणाऱ्या पदार्थाची) खळ. साधी पिठाची खळ चालत नाही, रंग सुताला सोडून तिच्याशीच लग्न लावतो.

वाफेला जुनं मोदकपात्र. (यापुढे त्यात मोदक होणार नाहीत, असं आईला लेखी दिलंय.) छापील पट्टी कोऱ्या न्यूजप्रिंटमध्ये गुंडाळायची, वर फॉइलची टोपी, झाकणाला पंचा घट्ट बांधायचा. पंचा नसेल तर झाकणावरचा थेंब नेमका मोराच्या डोळ्यात पडतो. एकाच पट्टीचे तुकडे 10, 20 आणि 40 मिनिटं ठेवले. मजेंटा-पिवळा वीसनंतर जागचे हलले नाहीत. सायन चाळीसपर्यंत चढतच राहिला!

धुलाईत आधी भरपूर वाहतं गार पाणी, मगच साबणाचं कडकडीत. शेवटी ओल्या कापडावर पांढरा रुमाल दाबला, तर रुमाल कोरा. नक्षीमागची पांढरी जमीनही पांढरीच. त्या संध्याकाळी मी उगाचच सगळ्यांना रुमाल दाखवत होते.

आता रडगाणं. चाळीस मिनिटांत मोराशेजारच्या असावलीच्या (पैठणीवरच्या फुलवेलीच्या) वेलीची काळी रेषा फुटते, म्हणजे काळा रंग कडेबाहेर पसरतो. पानाच्या टोकाशी तर काळ्याला मिशा फुटल्यात. अल्जिनेट घट्ट केलं की रेषा सावरते, पण ब्रशनं सारखं लागत नाही, पट्टे उठतात. बेत होता की काळ्याची लिमिट उतरवून पुन्हा छापायचं.

पण हे लिहितानाच वाटतंय की गाठ युरियाची आहे. युरिया वाफेतला ओलावा धरून ठेवतो, आणि मोदकपात्रातली वाफ तर आधीच चिंब. 100 ग्रॅमचा हिशोब कारखान्यातल्या स्टीमरचा, माझ्या गॅसवरचा नाही. पुढच्या पट्ट्या 50 आणि 25 ग्रॅमवर, वेळ 40 कायम. लिमिटला हात लावत नाही.

शिवाय एका पट्टीवर काळी रेषाच काढून टाकणार, पान आणि जमिनीच्या मध्ये बारीक पांढरी फट ठेवणार. पसरला रंग तर फटीत पसरेल.

कोणाकडे हातानं फिरवायचं पॅडिंग मॅंगल (दोन रुळांत दाबून कापडाला खळ सारखी लावणारं यंत्र) पडून असेल तर कळवा. ब्रशला मी कंटाळलेय.