प्लेटवर नाही, ब्रॉथमध्ये

"मॅडम, आता निगेटिव्ह येईल ना?" लॅबच्या खिडकीशी उभं राहून तिने विचारलं. सदतिसावा आठवडा, पहिलंच बाळंतपण. छत्तिसाव्या आठवड्यातल्या स्वॅबमध्ये ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू सापडला होता. तेव्हापासून कुणाच्या तरी सांगण्यावरून ती रोज प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जिवाणूंच्या, कॅप्सूल घेत होती. डॉक्टरांच्या मते पुन्हा तपासणीची गरज नव्हती, पण तिने हट्टाने करवून घेतली.

हट्टामागचं कारण तिने हळूच सांगितलं. घरात कुणीतरी विचारलं होतं, "तुला हे कुठून लागलं?" मला फार वाईट वाटलं. हा जिवाणू 10 ते 30 टक्के गर्भवतींच्या आतड्यात आणि योनिमार्गात निमूट राहतो. त्यांना काही त्रास नसतो. अस्वच्छतेशी त्याचा काडीचा संबंध नाही. हे तिला मी दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने, कारण सासूबाई मागे बसल्या होत्या.

सोमवारी स्वॅब थेट ब्लड अगारच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या रक्तमिश्रित जेलीच्या, प्लेटवर फिरवला आणि मग लिम ब्रॉथ या पोषक द्रवात टाकला. मंगळवारी प्लेट पाहिली तर स्ट्रेप्टोकोकस कुठेच नाही. ती फोन करून विचारणार हे माहीत होतं आणि खरं सांगायचं तर 'निगेटिव्ह' लिहायचा मोह मलाही झाला. पण इतर जिवाणूंना दाबणारी औषधं घातलेल्या ब्रॉथमध्ये तो थोडासा असला तरी वाढतो. त्या ब्रॉथमधून नवी प्लेट लावली. बुधवारी त्या प्लेटवर करड्या, चपट्या वसाहती आणि भोवती रक्त विरघळल्याचं अरुंद कडं. वॉर्डला लगेच तोंडी कळवलं. गुरुवारी हा जिवाणू ओळखण्याच्या कॅम्प टेस्टमध्ये बाणाच्या टोकासारखा आकार उमटला, शंका उरली नाही.

कॅप्सूलमुळे संख्या घटली की स्वॅब नीट लागला नव्हता, हे एका नमुन्यावरून ठरत नाही. एका चाचणीत प्रोबायोटिक घेणाऱ्या जास्त बायका निगेटिव्ह झाल्या होत्या, तर इतर काहींमध्ये फरक दिसला नाही. मधुमेह टाळण्यासाठी दिलेल्या प्रोबायोटिकच्या 2021 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचा एकत्रित अभ्यास) तर प्री-एक्लॅम्प्सियाचा, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याच्या गंभीर आजाराचा, धोका वाढलेला दिसला. म्हणून डॉक्टरांना न विचारता प्रोबायोटिक घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

फोनवर ती आधी गप्प झाली. मग म्हणाली, "मग आत्ताच अँटिबायोटिक घेऊन टाकू?" आत्ता घेऊन उपयोग नसतो, आतड्यातून तो परत येतो. कळा सुरू झाल्यावर शिरेतून पेनिसिलिन, तेही बाळ जन्मण्याआधी निदान 4 तास मिळायला हवं. "आणि बाळाचे चांगले जिवाणू?" त्यांच्यावर काही काळ परिणाम होतो, हे मी लपवलं नाही. पण औषध न देता अशा मातांच्या शंभरातल्या एखाद-दोन बाळांना पहिल्या आठवड्यात गंभीर संसर्ग होतो, हेही सांगितलं. बाळाच्या चांगल्या जिवाणूंच्या दृष्टीने स्तनपानाबद्दल बराच वेळ बोललो.

शुक्रवारी रात्री ती दाखल झाली. कळा सुरू होताच स्वतःच सिस्टरना म्हणाली, "माझा स्वॅब पॉझिटिव्ह आहे, पेनिसिलिन लावा." पहिल्या डोसनंतर सहा तासांनी मुलगी झाली.

सोमवारी सासूबाई पेढे घेऊन खिडकीशी आल्या. म्हणाल्या, "त्या दिवशी मोठ्याने बोललात ते बरं केलंत."