गोल काढला होता

मंगळवार, रात्री साडेदहा

माळ्यावरची पेटी शेवटी उतरवली. मागावर नक्षी उठवायची जुनी, भोकं पाडलेली कार्डं रद्दीला काढायची हे दिवाळीतच ठरलं होतं, गड्डा, म्हणजे आमच्या सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, आला म्हणून राहिलं. कार्डांच्या खाली शाळेच्या आलेख वहीचा एक कागद निघाला, चार घड्या घातलेला. मधोमध कंपासनं काढलेला गोल, आत कमळ, लाल पेन्सिलीनं गच्च भरलेलं. मागे एकच शब्द, 'मुंबई', आणि त्याखाली दोन रेघा.

अक्षर माझं आहे. पण ते लिहिल्याचं आठवत नाही.

तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. मुंबईला जाणं झालं नाही याचं काही नाही, त्याची कारणं घरात सगळ्यांना माहीत आहेत, त्या वर्षाबद्दल मला आज लिहायचंही नाही. त्रास वेगळाच आहे. ज्यानं त्या दोन रेघा एवढ्या दाबून ओढल्या, त्याला काय हवं होतं ते मला आठवून हवंहवंसं वाटायला पाहिजे होतं. तसं वाटत नाही. कागद हातात धरून बसलो आणि आधी नजर गेली ती चुकांवर.

पहिली चूक मापाची. गोल साठ चौकटी रुंद, साठ चौकटी उंच. वहीतली चौकट सगळीकडून सारखी असते, कापड तसं नसतं. उभ्या ताण्याचे धागे इंचाला 40 आणि आडव्या बाण्याचे 30 धरले, तर साठ उभे धागे दीड इंचात संपतात आणि साठ आडवे दोन इंच खातात. कागदावरचा गोल मागावरून उतरेल तेव्हा उभं अंडं होईल. म्हणून नक्षीचा कागद कापडाच्या प्रमाणात आखलेला घ्यायचा, नाहीतर चौकटींचा हिशोब आधी मांडायचा. मोजणीही माग चालू असताना करायची नाही. ताणलेल्या कापडात आडवे धागे फाकलेले असतात. तिथे 28 भरले तर उतरवून रात्रभर सैल ठेवल्यावर तेच 30 होतात. भिंग ठेवून इंच मोजायचा तो त्यानंतर, तोही काठापासून आत, तीन ठिकाणी. नवीन पोरं काठाशीच मोजतात आणि फसतात. काठाला धागे दाट असतात.

दुसरी चूक त्या गच्च लाल रंगाची. सलग भरलेली जागा म्हणजे धागा तेवढा वेळ कशाखालीही न जाता वरच राहणार. दीड इंच सुटा धागा! अंगठीत अडकेल, बांगडीत अडकेल, दोन धुण्यांत लोंबायला लागेल. भरीव जागेत दर सात-आठ धाग्यांवर एक बांधणी टाकावी लागते, म्हणजे सुटा धागा तिथे एका धाग्याखाली अडकवायचा, आणि ती सरळ ओळीत टाकली तर कापडावर नको ती रेघ उठते, म्हणून विखरून टाकायची. पाकळीची शीर जिथे असते तिथेच बांधणी लपवली तर फूल उलट खुलतं. हे कुणी शिकवत नाही, हातानं सुचावं लागतं.

हे सगळं लिहून काढलं आणि बरं वाटायच्या ऐवजी आणखी वाईट वाटलं. त्या वयातल्या माझ्या एवढ्या मोठ्या गोष्टीकडे मी नापास पेपर तपासावा तसं बघितलं. कुठेतरी कळ यायला हवी होती. दुःख होत नाही, हेच कितीदा तरी मनात येऊन जातंय. अक्काला सांगावं म्हटलं, पण ती लगेच बाबांवर जाईल.

आमच्या वयाच्या कुणाचं ठरल्यासारखं झालंय म्हणा. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, या इथल्या कापड गिरण्यांपैकी कुठेही नाव लागलं की पोराचं आयुष्य मार्गी लागलं, असं आमच्या आधीच्या घराघरात धरून चालत. भोंग्यावर घड्याळं लावली जायची. भोंगे गेले. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या घराचं स्मारक आहे, तिथून जाताना आज थांबलो. 1938 मध्ये पाच डॉक्टर चीनला गेले, बाकीचे चौघे परत आले, हे राहिले. तिथेच लग्न, तिथेच मुलगा, आणि 9 डिसेंबर 1942 ला तिथेच गेले, वय 32. इथून डॉक्टर व्हायला मुंबईला निघालेल्या पोराच्या मनात यातलं काय असणार? त्यांना मोठं म्हणताना त्यांच्या मनासारखं झालं का, हे मात्र आपण कधी विचारत नाही.

तो प्रश्न मी स्वतःला तरी का विचारतोय, तेच कळेना.

रात्री जेवण झाल्यावर पेटीतली कार्डं एकेक करून पाहिली. एक कार्ड म्हणजे एक आडवा धागा. कार्ड मागावरच्या जकार्ड यंत्राच्या सुयांवर दाबलं जातं; भोक असेल तिथे सुई आत जाते, तिला जोडलेला हुक वर उचलला जातो, त्याच्याबरोबर उभा धागा. भोक नसेल तिथे धागा खालीच. पावसाळ्यात कार्डं दमट होऊन ताणली जायची, भोकं सुयांसमोर यायची नाहीत, आणि भलतेच हुक उठायचे. म्हणून जून लागला की ती जमिनीपासून उंच, भिंतीपासून लांब ठेवायची. एखादं भोक चुकून जास्त पडलं तर मागून कागदाची टिकली खळीनं चिकटवायची. अशा टिकल्या असलेली बरीच कार्डं निघाली. बोटांना लागतात, जरा जाड. त्यांतली निम्मी तरी मीच चिकटवलेली आहेत, आणि ते मात्र मला स्वच्छ आठवतं: कुठल्या खिडकीशी बसून, कुणाच्या रेडिओवर काय चाललेलं असताना. म्हणजे आठवण गेलेली नाही. मुंबईची गेली, टिकल्यांची राहिली.

हे कळल्यावर जरा सैल झालो. ज्या कामाला रोज हात लागला ते बोटांत राहिलं. जे नुसतं लिहून ठेवलं ते कागदावर राहिलं, तिथेच बरं होतं. कार्डं उद्या जाऊ देत. आता सगळं कॉम्प्युटरवर होतं, इंचाचे आकडे भरले की चौकट आपोआप हव्या त्या प्रमाणात येते. टिकल्यांची चार कार्डं मात्र बाजूला काढली.

मग तो गोल नव्याने मांडून पाहिला. दोन इंचाचा गोल हवा तर 80 उभ्या चौकटी, 60 आडव्या ओळी. यंत्राच्या 240 हुकांत ऐंशी बरोबर तीन वेळा बसतात, म्हणजे शेवटचा गोल अर्धा कापला जाणार नाही. वरून पहिली ओळ 14 चौकटींची, मग 24, 32, 38, 42, 46. ही वाढ आधी मोठी आणि मग कमी कमी होत गेली पाहिजे. सारखी ठेवली की कडेला पायऱ्या दिसतात. रेघ ज्या चौकटीतून जाते तिचा अर्ध्याहून जास्त भाग आत असेल तरच भरायची. कमळाच्या आठही पाकळ्या ठेवल्या. शिरांवर बांधणी टाकली.

अक्का पाणी भरायला उठली होती. वाकून बघितलं आणि म्हणाली, "अरे, हे चपटं झालंय की."

"कागदावर चपटंच दिसतं," मी म्हटलं. तिनं जुना कागद उचलला, मागचा शब्द वाचला, काही बोलली नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मोटर लावायला गेली.