हेडलाइटचा स्विच आणि उलटं वायरिंग

तक्रार एवढीच होती: दिवे लावून पंधरा-वीस मिनिटं झाली की दोन्ही हेडलाइट एकदम जातात, थोडा वेळ बंद ठेवले की परत लागतात. गाडी जपानी, जुनी, हेडलाइटला रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नसलेली. बल्ब दोनदा बदलून झाले होते आणि काढलेले बल्बही चांगलेच होते.

दोन्ही दिवे एकाच क्षणी जात असतील तर बल्बवर संशय घ्यायचं कारण नाही. डाव्या-उजव्याला वेगवेगळे फ्यूज, म्हणजे फ्यूजही यातून सुटला. पार्किंग लाइट चालू राहत होते, आणि दिवे गेलेले असताना डिपर मारला की हाय बीम झक्क लागत होता. या गाडीत डिपरची वाट लाइटच्या स्विचला वळसा घालून थेट अर्थला, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या मायनसला जाते. एवढ्यावरच स्विच पकडला जायला हवा होता.

घोळ केला टेस्ट लॅम्पने, म्हणजे क्लिप आणि टोचणी असलेल्या तपासणीच्या छोट्या दिव्याने. क्लिप बॉडीला लावून बल्बच्या होल्डरमध्ये टोचलं की लॅम्प लागतो, मग ‘करंट येतोय, बल्बच गेलाय’ असा निष्कर्ष निघतो. पण इथे वायरिंग उलटं आहे, स्विच प्लसच्या नाही तर अर्थच्या बाजूला. बॅटरीची प्लस फ्यूजमधून सरळ बल्बच्या कॉमन (लो-हाय दोन्हींना सामायिक) पिनवर कायम हजर. लो आणि हायच्या वायरी डिपर स्विच आणि लाइटच्या स्विचमधून अर्थला जातात. दिवे बंद असताना बल्ब बसवलेला असेल तर तिन्ही पिनांवर 12 व्होल्ट दिसतात! दिवा लागल्यावर लोची वायर जवळजवळ शून्यावर यायला हवी. ती 12 वर राहिली तर अर्थ तुटला आहे.

इंजिन चालू ठेवून, दिवे लावून मल्टीमीटर घेतला. बॅटरीवर 13.8, बल्बच्या दोन पिनांमध्ये 11.3. अडीच व्होल्ट वाटेतच गायब. प्लसच्या बाजूला 0.4 जात होते, जुन्या वायरीला तेवढं माफ. उरलेले 2.1 अर्थच्या बाजूला, आणि त्यातले 1.7 एकट्या लाइटच्या स्विचच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या वायरीमध्ये. चांगल्या स्विचवर 0.2 च्या वर जाऊ नये. 55 वॅटचे दोन बल्ब सुमारे 9 अँपिअर ओढतात, म्हणजे स्विचच्या पोटात 15 वॅट उष्णता. सोल्डरिंग आयर्नची आठवण व्हावी इतकी. वर व्होल्टेज 18 टक्क्यांनी पडलं की हॅलोजनचा उजेड जवळपास निम्मा होतो. दिवे विझायच्या कितीतरी आधीपासून ते मंद जळत असणार. अठराव्या मिनिटाला दिवे गेले आणि लोच्या वायरीवर मीटर 13 च्या वर चढला.

हे माप दिवे चालू असतानाच घ्यायचं. स्विच काढून टेबलावर कंटिन्युइटी (वाट जोडलेली आहे का ते) बघितली तर मीटर खुशाल बीप देतो, कारण त्याच्या इवल्याशा करंटला स्विचमधला काळवंडलेला पॉइंटही (एकमेकांना टेकणारा धातूचा तुकडा) पुरतो.

बॅटरीची मायनस काढून स्टिअरिंग कॉलमचं कव्हर उघडलं. गाडीला एअरबॅग नव्हती, म्हणून काम सोपं. कनेक्टरमध्ये एकाच पिनभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलं होतं. स्विच पारदर्शक पिशवीत हात घालून उघडावा. आतली स्प्रिंग आणि छोटी गोळी उडाली की दिवस तिला शोधण्यात जातो. पॉइंट काळे पडले होते आणि त्यांची बैठक मऊ झालेल्या प्लास्टिकमध्ये तिरकी झाली होती. गरम झालं की पॉइंट सुटायचा, गार झालं की टेकायचा. पॉइंट फायबरच्या पेन्सिलने घासून कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतले. कानस लावायची नाही, वरचा चांदीचा पातळ थर निघून जातो. भाजलेल्या टर्मिनलची पकड गेलेली असते, ते चिमटून घट्ट करणं म्हणजे पुन्हा तेच दुखणं. वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापून नवं टर्मिनल क्रिम्प केलं, म्हणजे दाबून बसवलं.

मूळ दोष मात्र 9 अँपिअर स्विचमधून नेण्यात आहे, म्हणून लो आणि हायसाठी दोन रिले घातले. रिलेच्या पिनांवर नंबर असतात, 86 आणि 85 कॉइलच्या (रिले ओढणाऱ्या तारेच्या गुंडाळीच्या), 30 आणि 87 पॉइंटच्या. 86 ला फ्यूजमधून प्लस, 85 ला स्विचकडून येणारी जुनी वायर, 30 ला 2.5 चौरस मिलिमीटरची वायर थेट अर्थला, 87 वरून बल्बची लो किंवा हायची पिन. आता स्विचमधून जातो तो फक्त कॉइलचा करंट, एका अँपिअरच्या पाचव्या भागाइतका. बाजारातलं तयार रिले किट इथे डोळे झाकून लावू नये. कॉइलचं दुसरं टोक बॉडीला कसलेलं असेल तर उलट्या वायरिंगवर तो रिले कधीच ओढणार नाही.

पुन्हा माप घेतलं तर बल्बवर 13.3. अर्ध्या तासाने कॉलमच्या कव्हरवर हात ठेवला, गार होतं.